आईच्या अंथरुणाचं गवत

डोंगरउतारावरच्या एका रानात एक ससा राहत असे. आधी तो आणि त्याची आई अशी दोघं राहत. गेल्या पावसाळ्यात आई वारली आणि तेव्हापासून बीळ त्याला फारच मोठं वाटू लागलं. कोपऱ्यात आईचं सुक्या गवताचं अंथरूण होतं. त्याला तो कुणाला पाय लावू देत नसे. स्वतः मात्र रोज त्यात नाक खुपसून बसे. हिरवट, किंचित उग्र असा तो वास आला, की आई आत्ताच बाहेरून येऊन टेकली आहे असं त्याला वाटे.

आई दरवर्षी बिळापुढे टोमॅटो लावायची. "थंडी सरू दे, मग रोपं बाहेर," असं म्हणायची आणि ससा रुसून बसायचा. काय गोड दिवस होते ते, मुलांनो! पिकलेला पहिला टोमॅटो दोघं वाटून खायची आणि मोठा वाटा कुणाला मिळे, हे तुम्हाला सांगायला नकोच. त्या आठवणीने यंदा सशाला धीर धरवेना. आईने राखेत जपून ठेवलेलं सगळंच्या सगळं बी त्याने पेरलं आणि ऐन थंडीत रोपं वाफ्यात लावून मोकळा झाला.

एके दिवशी ऊन कलताना शेजारची म्हातारी साळू आली. तिची जीभ तिच्या काट्यांइतकीच टोचरी होती.

"वारा पडलाय, आभाळ स्वच्छ आहे. आज दव गोठणार. रोपं झाक, नाहीतर सकाळी काळी पडलेली बघशील. आणि ऊन आहे तोवरच झाक, म्हणजे मातीतली ऊब आत राहील."

"कशाने झाकू, मावशी? उतारावरचं गवत तर गुराख्यांनी कापून नेलं."

"घरात आहे की ढीगभर!"

सशाचे कान ताठ झाले. "ते आईचं आहे! बाहेर नेलं तर भिजेल. त्याचा वास जाईल."

"जाईल," साळू म्हणाली. "आणि रोपं गेली, तर तुझ्या आईचं बी परत कुठून आणशील?"

सशाने वाफ्यातल्या कोवळ्या रोपांकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि आईचं अंथरूण मुठीमुठीने आणून रोपांवर हलकेच पसरू लागला. गवत संपलं तेव्हा कडेची दोन रोपं उघडीच राहिली.

सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. कडेची दोन रोपं काळी पडून लोळली होती. ऊन वर आल्यावर सशाने गवत बाजूला केलं, तर खाली बाकीची सगळी रोपं हिरवीगार! पण गवताला नाक लावलं, तर नुसता ओल्या मातीचा वास. सशाला रडूच कोसळलं. डोळे पुसायला त्याने पंजे तोंडाशी नेले आणि तो थबकला. पंजांना तोच वास येत होता, हिरवट, किंचित उग्र. टोमॅटोच्या पानांना हात लागला होता ना! आईच्या हातांनाही हा वास असाच लागायचा आणि तिच्याबरोबर अंथरुणात यायचा.

"काय रे, रडतोस की हसतोस?" साळूने विचारलं.

"दोन्ही, मावशी," ससा म्हणाला. "हे गवत उन्हात पसरायला जरा हात लावा. संध्याकाळी पुन्हा झाकायचं आहे."

तात्पर्य : आपल्या माणसाची आठवण नुसती जपून ठेवली तर हळूहळू विरते; त्याचं काम हाती घेतलं तर ती हातालाच लागून राहते.