तीन दिवस बुडालेली टिटवी

फळ्यांमधल्या फटीतून पेन्सिल आरपार जाते, अशा होडीत सहा वर्षांच्या मुलीला बसवायचं का?

या प्रश्नानं आठवडाभर माझी झोप उडवली होती. पेन्सिल मीच घालून पाहिली होती. माझ्या लेकीच्या, मिहिकाच्या कंपासपेटीतली.

होडी आजोबांची. खास शर्यतीसाठी बांधून घेतलेली, एका शिडाची, नाव 'टिटवी'. शीड सांभाळायला त्यांनी मला हिच्यातच शिकवलं. ते गेल्यावर एकोणीस वर्षं ती आमच्या पडवीत होती. येत्या रविवारी खाडीत जुन्या होड्यांची शर्यत होती, आणि मिहिकाला माझ्यासोबत होडीत बसायचंच होतं. तिथं ती धावली नाही, तर एका हॉटेलाच्या भिंतीवर टांगली जाणार होती. बाबांनी तसा शब्दच देऊन टाकला होता.

म्हणून मी बाबल मेस्त्रींना बोलावलं. वय चौऱ्याऐंशी. टिटवी त्यांच्याच हातची.

मी त्यांना सगळं ऐकवलं. ताडपत्रीखाली ठेवलीय, दर दिवाळीला पॉलिश करतो, पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. फटी बुजवायचं लुकणही व्हिडिओ बघून मागवलंय, वाळलं की दगडासारखं होणारं. थोड्या कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू.

मेस्त्रींनी फळीवरून हात फिरवला.

मग लुकणाचा डबा माझ्या हातातून घेऊन कुंपणाबाहेर ठेवला. दोघा मच्छीमारांना हाक मारली आणि होडी खाडीच्या उथळ पाण्यात ढकलायला लावली.

फटीफटीतून पाणी आत आलं.

"काका, बुडतेय ती."

"होय."

"...वर घ्या ना."

मेस्त्रींनी एक धोंडा उचलून तिच्यात ठेवला. मग आणखी एक. टिटवी काठापर्यंत खाली बसली. आजोबांची एवढी एक वस्तू उरली होती, ती मी माणूस बोलावून बुडवून घेतली.

"पिवूंदे तिका," मेस्त्री म्हणाले. "तीन दीस."

ते तीन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. बाबांचे फोन उचलले नाहीत, एवढंच.

चौथ्या दिवशी ओहोटीला धोंडे काढले, पाणी उपसलं. होडी तरंगू लागली. मी ओणवी होऊन फटी शोधत राहिले. लाकूड फुगून फळ्या एकमेकींना अशा भिडल्या होत्या की नखही शिरेना.

कुणीही यावर समाधान मानलं असतं. पण स्वभावाला औषध नाही.

"आता थेंबभरही येणार नाही ना, काका?"

"येतला."

"मग हिला कशी बसवू?" मी शेजारी उभ्या मिहिकाकडे बोट दाखवलं.

मेस्त्रींनी खाली वाकून पाणी उपसायची करवंटी उचलली. मी हात पुढे केला. त्यांनी ती मिहिकाच्या हातात दिली.

मिहिकानं करवंटी उलटीसुलटी करून पाहिली, मग होडीचा तळ पाहिला, मग मला.

"आई, तू शिडाकडे बघ," ती म्हणाली. "पाणी मी काढते."