बिनदिव्याचा डबा

संगणकाचे सुटे भाग आपापसांत बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

शलाकाने गेम खेळायला स्वस्तातला संगणक जुळवला. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला पॉवर सप्लाय तिने परत केला आणि रंगीत दिव्यांचा मोह सोडून एक जड, काळा पॉवर सप्लाय बसवला. सगळ्यांना वीज वाढणं हे त्याचं काम.

“याच्यात साधा दिवासुद्धा नाही!” ग्राफिक्स कार्ड हसलं.

एका दुपारी विजेचा दाब अचानक चढला. गल्लीतले टीव्ही जळाले. कार्डाच्या ताटात मात्र रोजच्याइतकीच वीज आली.

आठ वर्षांनी नवं कार्ड आलं. “हा काळा डबा कोण?” त्याने विचारलं.

बाहेर निघालेलं जुनं कार्ड दबक्या आवाजात म्हणालं, “हळू बोल. घरोघरी टीव्ही जळत होते, तेव्हा याने माझ्या घासात खडासुद्धा येऊ दिला नाही.”