शालीतलं ऑर्किड

"पण फूल का येत नाही, एवढंच सांगा ना!"

प्राचार्य खासनीसांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. येसाक्का कुंडीतलं तण उपटत राहिल्या.

थंड हवेतली ऑर्किडं वाढवण्यात येसाक्कांची पाचगणीच्या उतारावर चाळीस वर्षं गेली. शाळा चौथीपर्यंत. खासनीस साताऱ्याहून आलेले. पस्तीस वर्षं लोकांची पोरं नापास करून निवृत्त. मांडीवर कुंडी, गेलेल्या बायकोची. पंधरा वर्षांपूर्वी सत्कारात मिळालेल्या शालीत गुंडाळलेली, तान्हं मूल असावं तशी. घरातलं मूल त्यांनी असं कधी धरलं नसावं.

"मी कसली कसर ठेवली नाही. खिडक्या बंद. खोलीत हीटर. कोमट पाणी. थंडीत रात्री ही शाल. सगळं पुस्तकं वाचून केलं. तीन हिवाळे झाले, नुसती पानं!"

"शाल बी पुस्तकात हाय?"

"तो... माझा विचार."

"बाई असताना फुलायचं?"

"दर वर्षी. संक्रांतीनंतर महिनाभर." आवाज उतरला. "येत्या माघात तिला जाऊन चार वर्षं होतील. फोटोपुढे याचं एक फूल ठेवायचंय. बाकी काही नको मला."

येसाक्कांनी आता मान वर केली.

"दसरा झाल्यावर बाई कुंडी कुठं ठिवायच्या?"

खासनीसांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"ते तिचं खातं होतं."

"एकाच घरात ऱ्हात हुता न्हवं?"

"पहाटे मी लिहायला बसायचो. ती चहा आणून द्यायची. हात बर्फासारखे. मी ओरडायचो, गार हात लावू नकोस म्हणून."

"इचारलं कधी, गार कशानं म्हणून?"

रोपवाटिकेवरची हिरवी जाळी वाऱ्यानं फडफडली.

"गच्चीवर," येसाक्का म्हणाल्या. "दसऱ्यापास्नं रोज. सांजच्याला कुंडी वर न्यायच्या, पहाटं दवानं भिजलेली खाली आणायच्या. रोप माझ्याकडचंच. खुशीत मला फोनवर सांगायच्या, आक्का, फुलाचा दांडा आला. सर, याला रातीचा गारठा लागतो. गारठल्याबिगर ते कळी धरत न्हाई."

"म्हणजे मीच..."

येसाक्कांनी शालीची गाठ सोडली. एकेक वेढा उलगडला. शाल नीट घडी करून खासनीसांच्या मांडीवर ठेवली आणि कुंडी उघड्या कठड्यावर, वाऱ्यात.

खासनीस शाल सावरत दचकून उठले.

"मरेल ते!"

"बसा. तीन हिवाळे तुमच्या हीटरात न्हाई मेलं."

ते बसले. पानं हलत होती.

"माघापर्यंत येईल फूल?"

"घरी गेल्यावर रोज राती बाहेर ठिवा. स्वतः उचलून. यील बहुतेक."

खासनीसांना हायसं वाटलं. लगेच. इतक्या लवकर वाटायला नको होतं. दरीतून गार वारा आला तशी त्यांनी मांडीवरची शाल उचलली, झटकली, सवयीनं खांद्यावर घेतली.

येसाक्का बघत होत्या.

"सर, बाई पहाटं गच्चीवर जायच्या, तवा ही शाल कुणाच्या अंगावर असायची?"