झुल्याचं टांगतं घर

एकदा काय झालं, एका भेरली माडावर एक वटवाघूळ राहायचं. त्याचं नाव झुल्या. माडाच्या शेंड्याला फळांच्या माळांचा घोस लोंबतो ना, झुंबरासारखा? त्या घोसात झुल्यानं घर करायला घेतलं. बिनघरच्या वटवाघळाला बायको मिळत नाही, बरं का!

मग काय, सांजावलं की मधल्या माळा दातांनी कुरतडायच्या आणि खाली टाकायच्या. महिनाभर हेच. आत छान पोकळी झाली.

पहिली पाहुणी आली. उलटी लटकली नि म्हणाली, "उजेड येतो." गेली उडून. मग झुल्यानं बाहेरच्या माळा जवळ ओढल्या. दुसरी आली. "घराला घरासारखा वासच नाही!" तीही गेली. झुल्याला रडूच आलं. मग त्यानं आपल्या लाळेनं आतून घर सारवलं. आपण शेणानं सारवतो, तो लाळेनं. हसू नका रे!

तिसरी आली. तिनं हुंगलं, पंख मिटले आणि राहिली. तीच घरातली थोरली. तिच्यामागून आणखी तिघी आल्या. झुल्या दारात लटकून राखण करी. वारा आला की घर झुले, आणि सगळी पेंगत.

असे चार महिने गेले. माडाचा मालक रुपाजी. त्याच्या लेकीचं, येसूचं लग्न उद्यावर आलं. मांडवाला झुंबर हवं, म्हणून कोयता कमरेला लावून तो सकाळीच वर चढला.  झुल्यानं पंख पसरून दार झाकलं. एवढासा जीव, कोयत्यापुढं काय करणार? रुपाजीनं पंख हळूच बाजूला केला. आत थोरलीच्या छातीशी बोटभर पिल्लू.

रुपाजी रिकाम्या हातानं खाली आला.

"बाबा, झुंबर?"

"अगं, वर ओली बाळंतीण आहे. सव्वा महिना तिला घराबाहेर काढायची नाही."

"ती कोण लागते तुमची?" बायको कडाडली.

"आपल्या माडावर बाळंत झाली, म्हणजे माहेरवाशीणच की!"

येसू म्हणाली, "मग मांडवच माडाखाली घाला."

तसंच झालं. वर झुंबर, खाली अक्षता.

मग सव्वा महिन्यानं रुपाजी पुन्हा चढला, तर दुसरी बाळंतीण. पुढच्या सव्वा महिन्यानं तिसरी. मग चौथी! शेवटी त्यानं कोयता खुंटीला टांगला, तो टांगलाच. झुल्याचं घर मात्र अजून झुलतंय, हळू... हळू...

मिटा आता डोळे. उलटं नाही हां, उशीवर डोकं ठेवून.