ठकू मोटारीला ओवाळते

"तिन्हीसांजेपर्यंत वायपरचा रोग सापडला नाही, तर अंतोबा, चाकरी गेली समज! आणि खबरदार, दसऱ्याला पुजलेली मोटार आहे. कोणी हात लावायचा नाही!"

तुरंबगडचे राजेसाहेब एकदा बोलले की बोलले! मोटार जुनी, बाहेर धो धो पाऊस आणि काच पुसणारा वायपर ठप्प. हात न लावता रोग शोधायचा म्हणे! आता काय, मोटारीची नाडी लांबून बघायची? ड्रायव्हर अंतोबा डोकं धरून घरी आला. बिचाऱ्याच्या पोटावरच पाय आला होता.

त्याची बायको ठकू लोहाराची लेक, भात्यापाशी वाढलेली. तिने विचारलं, "अहो, तो वायपरचा काटा हलतो कशावर?"

"इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर. रबरी नळी जाते काचेपर्यंत."

"म्हणजे भात्याचाच भाऊ की! चला!"

मोटार राजवाड्याच्या देवडीत उभी होती. ठकू तिथे गेली ती पूजेचं तबक घेऊनच.

"हे काय आणखी?" राजेसाहेब गुरकावले.

"पुजलेली मोटार ना, सरकार? ओवाळते. ओवाळायला तर मनाई नाही ना?"

राजेसाहेबांनी वाट दिली. नाही कसं म्हणणार?

"मग आपणच बॉनेट उघडा, आत बसा आणि इंजिन चालू करा," ठकू म्हणाली.

इंजिन घरघरलं. ठकूने पेटती उदबत्ती नळीच्या कडेकडेने फिरवली. धूर सरळ वर जात होता. काचेच्या कोपऱ्याशी आला मात्र, सुर्रकन नळीतच शिरला!

"हे बघा भोक! सगळी ओढ इथंच वाया जाते, काट्यापर्यंत पोचतच नाही. आता तरी हात लावू द्या!"

राजेसाहेबांनी मान डोलावली. अंतोबाने सायकलच्या ट्यूबची पट्टी कचकचून गुंडाळली. वायपर सपासप नाचायला लागला! राजेसाहेब खूश होऊन नवरा-बायकोला मागे बसवून स्वतःच निघाले. पण घाटाचा चढ लागला आणि वायपर रेंगाळला. करकचून ब्रेक!

"फसवलंस, ठकू! हा हळू का झाला?"

अंतोबा हात जोडायला लागला. ठकू मात्र शांत. "सरकार, गडाच्या पायऱ्या चढताना आपण हुकूम सोडता?"

"छे! धाप लागते. तोंडातून शब्द फुटत नाही."

"मग! इंजिनालाही चढावर धाप लागलीय. ते स्वतःला ओढेल, की आपली काच पुसत बसेल?"

राजेसाहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून खो खो हसत सुटले. "अंतोबा, चाकरी पक्की तुझी, आणि पगार दीडपट! ठकूबाईंना पैठणी! आणि आता जरा थांबू या. मोटारीला दम खाऊ दे!"