चैतीचा मुखवटा

खैरपाड्याच्या बाजारात चैती भोये स्वतः कोरलेले लाकडी मुखवटे विकायची. ती बसायची ती जागा आधी तिच्या भावाची, काशाची होती. जागेवरूनच तो पाटलाशी भांडला आणि त्या दिवसापासून कुणाला दिसलाच नाही.

एका तिन्हीसांजेला पाटील तिच्या पालापासून बराच लांब थबकला. आत टांगलेल्या मुखवट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही बाई चेटूक करते. तो मुखवटा दर बाजारी माझ्याकडे टक लावून बघतो. हिला आजच गावाबाहेर काढा."

माणसं जमली. कुणी दगडही उचलले. चैतीनं मुखवटा काढून त्यांच्याच हातात दिला. तो हातोहात फिरला तसा बाजार गप्प होत गेला. डोळ्यांच्या जागी नुसतं सपाट लाकूड होतं.

"जो मुखवटा घालणार, त्याच्या मापानं आम्ही डोळे शेवटी कोरतो," चैती म्हणाली. "याला अजून गिऱ्हाईकच मिळालं नाही. मग पाटील, दर बाजारी तुमच्याकडे बघतं ते कोण?"

पाटलाची नजर बाजाराच्या कडेला, काशा दिसेनासा झाला त्याच आठवड्यात त्यानंच बुजवून घेतलेल्या विहिरीकडे गेली, आणि त्या नजरेमागोमाग सगळ्या बाजाराची.