शांता कोरे, बाराशे रुपये

“...पण अक्का, तुम्ही अजून एक्सेलच्या शीटवरच का लिहिता हिशोब?”

सुयोगनं हे विचारलं तेव्हा मठ सांभाळणाऱ्या पार्वतीअक्का ओसरीवर बसून कालचा खर्च एका बोटानं टाइप करत होत्या. तेल कुणी दिलं, पीठ कुणी दळून आणलं, सगळं त्यात. मी मठातला सेवेकरी, शेजारीच दोडके सोलत होतो.

“सवय,” अक्का म्हणाल्या.

“ॲप घ्या. मी टाकून देतो. बँकेतून पैसे गेले की ते आपोआप ओळखतं, किराणा कुठला, औषध कुठलं. लिहायची कटकटच नाही.”

पोरगा हुशार. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. वडिलांना झटका येऊन वाचा गेली, तेव्हापासून पुण्याची नोकरी घरून करत त्यांचं सगळं तोच बघायचा. तेवढं मात्र मानलं पाहिजे.

“बाबांची अकरा वर्षांची शीट होती. तीन मिनिटांत ॲपमध्ये चढवली. लगेच गळती सापडली.”

“कसली?”

“दर महिन्याला बाराशे रुपये. कुणी शांता कोरे. ना किराणा, ना औषध, ना भाडं. ॲपनं लाल करून दाखवलं. मी बंद केले. तीन महिने झाले.”

“वडिलांना विचारलंस?”

“बोलता कुठं येतंय त्यांना... नाव घेतलं तर रडायलाच लागले. या आजारात होतं म्हणे असं.”

अक्कांचं बोट थांबलं.

“ती शीट आहे तुझ्याकडं?”

“फोनमध्ये आहे. पण आता तिचा काय उपयोग...”

“उघड.”

त्यानं उघडली. तारीख, नाव, रक्कम. अक्कांनी काचेवर बोट ठेवून शीट सरकवली. रकमेच्या पलीकडं, अजून पलीकडं. शेवटी एक रकाना होता. शेरा.

“हा नाही घेतलास?”

“ॲपला शेरा लागत नाही, अक्का.”

“वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

चष्मा नाकावरच होता.

“‘शांताबाई कोरे, इचलकरंजी. आमचे माग बंद होते तेव्हा शिकायला असलेल्या सुयोगला चौदा महिने खानावळीत जेवू घातलं, पैसे घेतले नाहीत. आता गुडघे गेले, खानावळ बंद. त्याला सांगू नका म्हणाल्या...’”

तो थांबला.

“मावशी,” म्हणाला. “आम्ही सगळी पोरं मावशीच म्हणायचो. नाव कधी... विचारलंच नाही.”

“पुढं.”

पुढं दर महिन्याला एक ओळ होती. ‘फोन केला. सुयोग वेळेवर जेवतो का, विचारत होत्या.’ ‘सुयोगला बढती मिळाली, सांगितलं. रडल्या.’ ‘या वेळी घेत नव्हत्या. भांडून दिले.’

माझ्या हातातला दोडका तसाच राहिला.

“राहिलेले तीन आणि हा, चार महिन्यांचे एकदम पाठवतो,” तो कसाबसा म्हणाला आणि फोनवर आकडे दाबायला लागला.

अक्कांनी त्याच्या फोनवर हात ठेवला.

“आधी बोल.”

शेऱ्यात नंबरही होता. त्यानं लावला. पलीकडून म्हातारा आवाज आला. वडील कसे आहेत, विचारलं. तू जेवलास का, विचारलं. पैशाचा शब्द काढला नाही.

“मावशी,” सुयोग म्हणाला, “तुमच्यामुळं शिकलो मी. मला आज कळलं.”

पलीकडून उत्तर आलं, “ये एकदा. पिठलं करते.”

फोन ठेवून त्यानं डोळे पुसले. “ते ॲप काढूनच टाकतो.”

“का? बापानं अकरा वर्षं लपवलेलं नाव ॲपनं तीन मिनिटांत तुझ्यापुढं ठेवलं. त्याचेही आभार मान.”

तो हसला. रडता रडताच हसला. मग जरा वेळानं, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

“अक्का, मग हे बाराशे... आता कशात टाकू? खर्चात नाही टाकवत.”

“जमेत टाक.”